ओळीच्या शेवटचा आवाज

भुंगा हे नाव त्याला मी ठेवलं, त्यामुळे त्याचा दोष माझ्याकडेच येतो. कोरसमध्ये गायला म्हणून तो पहिल्यांदा आमच्या स्टुडिओत आला, त्या दिवशी माइकमध्ये कुठूनतरी बारीक गुणगुण येत होती. मी तासभर वायरी तपासल्या. एकेक पिन उपटून पुन्हा खोचली, वीजवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, वर जाऊन इमारतीची पाण्याची मोटर बंद करून आलो. गुणगुण चालूच. शेवटी पाहतो तर कोपऱ्यातल्या स्टुलावर एक काटकुळा तरुण तोंड मिटून, स्वतःच्याच नादात गात बसलेला. "अरे ए भुंग्या!" मी ओरडलो. बाकीचे कोरसवाले हसले आणि ते नाव त्याला चिकटलं ते कायमचं.

मी रेकॉर्डिस्ट. एका इमारतीच्या तळघरात आमचा स्टुडिओ होता. भिंतींना गोणपाट, त्याच्या आत कापूस, खिडकी नाही, आणि टेक चालू असताना पंखा लावायचा नाही. तेव्हा सगळं काम टेपवर चालायचं. बोटभर रुंद मोठ्या टेपचं रीळ, त्यावर शेजारी शेजारी पट्ट्या, एका पट्टीवर तबला, एकीवर पेटी, एकीवर गाणाऱ्याचा आवाज. हातात फोन घेऊन सगळं टिपत सुटायचे दिवस अजून यायचे होते. मी जे टेपवर ठेवीन ते राहायचं आणि मी जे पुसेन ते गेलं. एवढी सत्ता माझ्यासारख्या माणसाच्या हातात असू नये असं माझं आजचं मत आहे.

भुंग्याचा आवाज काही मोठा नव्हता. गोडही नव्हता म्हणा. थोडा खरबरीत, सकाळी उठल्यावर घरचं माणूस बोलतं तसा. पण ओळीच्या शेवटाला तो काय करायचा, ते मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलं नाही. बाकीचे गायक ओळ संपली की सुटकेचा श्वास टाकतात. हा शेवटचा सूर धरून ठेवायचा, अगदी सरळ, न थरथरता, दार उघडं धरून कोणाचीतरी वाट पाहत उभं राहावं तसा. मी काचेमागून घड्याळ लावून पाहिलं होतं. त्याचा श्वास संपायचाच नाही.

गाणी तो स्वतःच लिहायचा. चालीही त्याच्याच. वडील शाळेत गणित शिकवायचे आणि मुलानेही खडू हातात धरावा अशी त्यांची इच्छा होती. मुलाने पेटी धरली. त्याच्यावरून घरात जे व्हायचं ते झालं, पण ते निभावलं गेलं. "गातोय तर गाऊ दे," असं आई म्हणायची, आणि मोठी बहीण, तिला तो ताई म्हणायचा, ती तर त्याची गाणी स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायची. चार वर्षं त्याने कोरसमध्ये, हॉटेलांत, लोकांच्या लग्नांत घसा झिजवला. मग एका कॅसेट कंपनीने त्याची नऊ गाणी घेतली. त्याचे शब्द, त्याची चाल, त्याचा आवाज, आणि वेष्टनावर त्याचा फोटो. रेकॉर्डिंग मीच केलं. तीन आठवडे आम्ही त्या तळघरात घामाने भिजत होतो आणि खोटं कशाला सांगू, माझ्या नोकरीतले तेवढेच तीन आठवडे मला कामाला जातोय असं वाटलं नाही.

त्या नऊतलं एक गाणं होतं 'फुंकर'.

तू फुंकर मारतोस काचेवर,
पुसतोस शर्टाच्या टोकानं,
आणि जग जिथल्या तिथे
येऊन उभं राहतं.

हे गाणं कोणावर आहे ते मला विचारावं लागलं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक चष्म्याचं दुकान होतं, आणि त्यात बसणारा शांत, जाड भुवयांचा माणूस भिंगं घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा आणि गिऱ्हाइकाला देण्याआधी त्यांवर फुंकर मारून ती शर्टाच्या टोकाला पुसायचा. भुंगा गेली दोन वर्षं त्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत त्याच्याबरोबर राहत होता. गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी तोंडाने उच्चारत नव्हतं. मला स्वतःला सुरुवातीला ते पचायला जड गेलं. मग एकदा भर दुपारी वर गेलो, तर दोघं पलंगाची चादर घडी करत एकमेकांना शिव्या देत होते. टोकं जुळत नव्हती. त्याच्यानंतर मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

कॅसेट बाजारात यायला आठवडा असताना त्याला रेडिओवर बोलावलं. मुलाखत थेट होती. निवेदिका चांगली होती, गोड बोलणारी, आणि तिने सगळ्यांना विचारतात तोच प्रश्न विचारला: "इतकी प्रेमाची गाणी! ही भाग्यवान मुलगी आहे तरी कोण?"

मी तळघरात कान लावून बसलो होतो. आता हा हसेल आणि 'ते गुपितच राहू द्या' म्हणेल, असं मी धरून चाललो होतो.

"मुलगी नाही," भुंगा म्हणाला. "माझा जोडीदार आहे. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. 'फुंकर' त्याच्यावरच लिहिलंय."

मग तिने घाईघाईने दुसरंच एक गाणं लावलं.

"कशाला बोललास?" तो आला तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो. "कोणी गळ्यावर सुरी ठेवली होती का?"

"तिने विचारलं, दादा."

"विचारलं म्हणून सांगायचं?"

"मग काय, तो खाली भिंगं घासत रेडिओ ऐकत होता. त्याला ऐकू जाईल असं मी खोटं बोलू?"

मी त्याला मूर्ख म्हणालो. आजही म्हणतो. पण त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मूर्खाच्या चेहऱ्यावर नसतं.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला. सभ्य माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. भुंग्याला समोर बसवून म्हणाला, "एक ओळ पेपरात देऊ. तो विनोद होता, एवढंच. तुम्ही काही करायचं नाही, नुसती सही करा. तुमचा आवाज राहील, फोटो राहील."

"विनोद?" भुंगा म्हणाला. "तुम्हाला हसू आलं का?"

कंपनीच्या माणसाला हसू आलं नव्हतं. कॅसेट बाजारात आलीच नाही. त्यातली नऊ गाणी कंपनीने दुसऱ्या गायकाकडून पुन्हा गाऊन घ्यायची ठरवली. हा गायक म्हणजे मोठं नाव. सदानकदा हातात रुमाल, म्हणून आम्ही पाठीमागे त्याला रुमालसाहेब म्हणायचो. 'फुंकर'मधली भिंगं आणि दुकान काढून टाकलं आणि तिथे आरशासमोर बसलेली एक मुलगी आणली. ओळींचे शेवट तेवढे जसेच्या तसे ठेवले, कारण चालीला तेच हवे होते.

आणि हे नवे शब्द रुमालसाहेबांना शिकवणार कोण? तर भुंगा.

आमच्या धंद्यात त्याला डमी म्हणतात. मोठा गायक यायच्या आधी एक साधा गायक पूर्ण गाणं गाऊन ठेवतो. मोठा गायक हेडफोनमध्ये ते ऐकत ऐकत आपलं गातो. त्याचं झालं की डमी पुसायची, त्याच दिवशी, कंपनीचा माणूस समोर बसलेला असताना. मोठ्या गायकाला कोणी तुलना केलेली खपत नाही. आता टेप पुसायची म्हणजे बटण दाबलं आणि झालं असं नसतं. टेप पुसायला गाण्याइतकाच वेळ लागतो. साडेचार मिनिटांचं गाणं असेल तर साडेचार मिनिटं लाल दिवा लावून बसायचं आणि रीळ फिरताना बघायचं. ती नऊ गाणी मी पुसली, आधीची मूळची नऊ त्यांच्याआधी पुसली. त्यानंतरच्या सहा वर्षांत आणखी तेवीस. भुंगा लिहायचा, चाल लावायचा, डमी गायचा, आणि वेष्टनावर दुसऱ्याच कोणाचं नाव यायचं. पुसताना तो कधी कधी माझ्या शेजारी येऊन बसायचा, टेपबरोबर तोंड मिटून गुणगुणायचा, आणि दिवा विझला की म्हणायचा, "चल, चहा घेऊ."

"तू हे कसं सहन करतोस रे?" मी एकदा विचारलं.

"गायला तर मिळतं," तो म्हणाला.

दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं. तोंडावर कोणी काही बोललं नाही, आमच्याकडे लोक फार सज्जन. हॉटेलवाले म्हणाले तारीख जमत नाही. लग्नवाले म्हणाले तारीख जमत नाही. रेडिओने तर तारीख जमत नाही एवढंही कळवलं नाही. एका सकाळी दुकानाच्या दर्शनी काचेतून दगड आत आला आणि फ्रेमचा अख्खा स्टँड खाली बसला. चष्मेवाल्याने काच नवी लावली नाही, पत्रा ठोकला. वडिलांनी घरचं दार बंद केलं. आई त्याच वर्षी गेली आणि ते त्याला तिसऱ्या दिवशी कळलं.

ताई मात्र यायची. घरी सांगायची, डोळे तपासायला जाते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाई हजर. दुकानातल्या खुर्चीवर बसून ती भिंतीवरची अक्षरं धडाधड वाचून दाखवायची, मग वर जाऊन भावाशी तासभर बोलायची. पुरावा म्हणून घरी नेण्यासाठी चष्मेवाला तिला मधूनमधून एक चष्मा करून द्यायचा, शून्य नंबरचा. "सहा वर्षांत सात चष्मे केले तिला," तो मला म्हणाला होता, "आणि नजर घारीची आहे." त्या घरात मी सगळ्यात जास्त हसलो असेन तो याच गोष्टीवर.

आता ते सांगतो ज्यासाठी हे लिहायला बसलो.

दोघं एकत्र राहायला लागल्याच्या आठव्या वर्षी भुंग्याचा आवाज बसला. सर्दी झाली असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. एका गुरुवारी सकाळी साडेअकराला तो स्टुडिओत आला. गळ्याला मफलर, आणि जिना उतरूनही धाप लागली होती.

"दोन तास दे, दादा," तो म्हणाला. "'फुंकर' एकदा माझ्या शब्दांत करायचंय. पेटी मीच वाजवतो, दुसरं कोणी नको. एका माणसाला द्यायचंय."

मला हसून विचारता आलं असतं, कोणत्या माणसाला रे? पण माझ्यासमोर साबणाची जाहिरात होती, कंपनीचा माणूस येऊन बसला होता, आणि त्याच्यादेखत भुंग्याला माइकपुढे उभं करायचं माझ्या जिवावर आलं. घाबरलो, असंच म्हणायला हवं.

"तारीख जमत नाही रे," मी म्हणालो. "सोमवारी ये. सोमवारी अख्खी दुपार तुझी."

माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याला वाटलं असणार. तो माझ्याकडे बघत राहिला.

"सोमवारी माझीच तारीख आहे दुसरीकडे," तो म्हणाला. मफलर नीट केला आणि जिना चढून गेला. कुठे, ते मी विचारलं नाही. आम्ही साबणाची जाहिरात केली. चौदा टेक झाले.

तीन आठवड्यांनी चष्मेवाला तळघरात आला. आठ वर्षांत तो पहिल्यांदाच जिना उतरला होता. दुकानातला पांढरा कोट तसाच अंगात. उभ्या उभ्याच त्याने सांगितलं. भुंग्याच्या घशात गाठ होती, वाईट जातीची. जीव वाचवायचा तर आवाजाची पेटी काढावी लागेल असं डॉक्टर म्हणाले. त्याच सोमवारी काढली. आता तो गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो आणि पाटीवर लिहून बोलतो.

आता हा मला गुरुवारबद्दल विचारणार, म्हणून मी खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली.

"दादा, तुमच्याकडे त्याचा आवाज असेल ना कुठेतरी?" तो म्हणाला. "एखादं गाणं. अर्धं असलं तरी चालेल. माझ्याकडे काही नाही हो. टेप होता घरात, पण त्यावर आम्ही दुसऱ्यांची गाणी ऐकायचो. हा दिवसभर गातच असायचा, दाढी करताना, जिना चढताना, भांडण झालं तरी. त्याला टेप करून ठेवायचं कोणाच्या डोक्यात येईल?"

मी रिळांच्या कपाटाकडे पाहिलं.

"ऑपरेशनच्या आधी दहादा म्हटलं त्याला, जा, दादांकडे जाऊन एक गाणं ठेवून ये माझ्यासाठी. म्हणाला, मन होत नाही." तो खाली बघत होता. "मन होत नाही, म्हणाला. मग मी पुढे काय बोलणार?"

म्हणजे भुंग्याने त्याला सांगितलंच नव्हतं. ज्या माणसाने एका ओळीचं खोटं बोलायला नकार दिला आणि त्यापायी हॉटेलं, रेडिओ, बाप, सगळं घालवलं, तो एक खोटं बोलला होता. माझी लाज राखायला. आणि मी काय केलं? ती राखून घेतली. "शोधतो," म्हणालो. "काही सापडतं का बघतो."

सापडणार काय? एकेचाळीस गाणी मी स्वतःच्या बोटाने पुसलेली. कपाटात होती ती रुमालसाहेबांच्या आवाजाची रिळं, कंपनीच्या शिक्क्यांनिशी जपून ठेवलेली. तरी मी 'फुंकर'चं रीळ काढून लावलं. बाकीच्या पट्ट्या बंद करून नुसता रुमालसाहेबांचा आवाज ऐकायला लागलो. का, ते मलाही सांगता येणार नाही. शिक्षा म्हणून असेल.

पहिली ओळ संपली, आणि ती संपल्यावर मागे काहीतरी राहिलं.

रुमालसाहेबांना एका कानाने कमी ऐकू यायचं. हे फक्त मला माहीत होतं. डमीचा आवाज ते हेडफोनमध्ये इतका मोठा करून घ्यायचे की तो कानाबाहेर सांडायचा आणि माइक तो उचलायचा. खरं तर अशी गळती साफ करणं माझं काम. पण पुढे त्या जागी व्हायोलिनं येणार होती, सगळं झाकलं जाणार होतं, म्हणून मी आळस केला होता. आणि दुसरं म्हणजे रुमालसाहेबांचा श्वास तोकडा. ओळीच्या शेवटाला ते सूर सोडून रुमाल तोंडाला लावायचे. हेडफोनमधला भुंगा सोडायचा नाही. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी, साहेब गप्प झाल्यावर, दोन सेकंद, कधी तीन, भुंग्याचा आवाज एकटाच उरला होता. बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. पण सरळ आणि न थरथरणारा.

ओळी अकरा होत्या. मी त्या अकरा शेपट्या दुसऱ्या टेपवर उतरवल्या, ब्लेडने कापल्या आणि चिकटपट्टीने एकापुढे एक जोडल्या. ऐकून पाहिलं तर अंगावर काटा आला. गाणं नाही, विव्हळणं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा उसवलं आणि दोन शेपट्यांच्या मधे कोरी टेप लावली, प्रत्येक ओळ जितकी लांब असेल तितकी, घड्याळ लावून मोजून. म्हणजे नऊ सेकंद शांतता, मग त्याचा शेवटचा सूर. पुन्हा शांतता, पुन्हा सूर. चार दुपारी गेल्या. मग ते कॅसेटवर उतरवलं आणि चष्म्याच्या दुकानाचा जिना चढलो.

भुंगा खिडकीशी बसला होता. गळ्याला जाळीचं फडकं, अंगातलं मांस उतरून गेलेलं. मला बघून त्याने दोन्ही हात वर केले आणि खोटा खोटा घाबरल्यासारखा मागे सरकला, जणू मी त्याला पुसायलाच आलोय. मला रडू फुटलं ते तिथेच. चष्मेवाल्याने कॅसेट लावली.

पहिले नऊ सेकंद काहीच नाही. चष्मेवाला माझ्याकडे बघायला लागला. मग तो सूर आला आणि त्याच्या हातातला ग्लास कलंडला.

भुंग्याला कळायला एक ओळ पुरली. दुसऱ्या कोऱ्या जागेत त्याचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसता गळ्याच्या भोकातून वारा. तो आपले मूळ शब्द म्हणत होता, आरशाचे नाही, काचेचे आणि शर्टाच्या टोकाचे, बोटाने खुर्चीच्या हातावर ताल धरून. आणि तो ओळीच्या शेवटाला पोचला की बरोबर तिथे त्याचाच आवाज त्याला टेपमधून येऊन मिळत होता. शेपटीत शब्द नव्हते, नुसता लांबवलेला सूर होता, त्यामुळे कंपनीने काहीही बदललं असलं तरी तिथे तिचं काही चालणार नव्हतं. अकरा ओळी अशा झाल्या. चष्मेवाला भिंतीला टेकून उभा होता आणि पुन्हा पुन्हा नाक ओढत होता.

गाणं संपल्यावर भुंग्याने पाटी ओढली आणि लिहिलं: "सातव्या ओळीला सूर उतरलाय."

"गप रे," चष्मेवाला म्हणाला. आठ वर्षांच्या सवयीने तो त्याला गप म्हणाला आणि मग आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

चष्मेवाला चहा टाकायला आत गेला तेव्हा मी खुर्ची जवळ ओढली. "गुरुवारचं त्याला का सांगितलं नाहीस?" मी हळू आवाजात विचारलं.

भुंग्याने पाटी पुसली. मग लिहिलं: "तुझी नजर चाललीय. चष्मा त्याच्याकडूनच करायचाय तुला." आणि मी वाचल्याबरोबर तळहाताने ते पुसून टाकलं.

गाठ दुसरीकडे उगवली. चौथ्या महिन्यात भुंगा गेला. वडील आले, खालीच थांबले. काठी टेकत त्यांनी पत्रा ठोकलेल्या दुकानाकडे पाहिलं आणि दारातल्या माणसाला विचारलं, "आपण कोण?" त्यांना पुरतं माहीत होतं. ताई त्यांच्या मागे उभी होती, शून्य नंबरच्या चष्म्याआड तिचे डोळे सुजले होते. चष्मेवाल्याने दारावरचा हात काढला. "चष्मेवाला," तो म्हणाला आणि बाजूला झाला. वडिलांनी, नातेवाइकांनी भुंग्याला उचललं. आम्ही दोघं सगळ्यात मागे चाललो.

पुढे दुपारच्या वेळी दुकानावरून गेलं की ती कॅसेट चालू असायची. गिऱ्हाइकं म्हणायची, टेप बिघडलाय वाटतं तुमचा, मधेमधे आवाज जातोय. "हो, बिघडलाय," तो म्हणायचा.

माझी नजर खरंच चालली होती. मीटरचे काटे दिसेनात, तेव्हा टाळाटाळ करत करत शेवटी एकदा त्या खुर्चीवर जाऊन बसलो. त्याने तपासणीची जड फ्रेम माझ्या नाकावर ठेवली आणि तो एकेक भिंग घालून काढून बघायला लागला.

"हे बरं की हे?"

"आधीचं."

"एक विचारू, दादा?" भिंग बदलता बदलता तो म्हणाला. "तुम्ही एवढ्या खटपटीने ती कॅसेट केलीत. माझ्यावर उपकार आहेत तुमचे. पण ती ऐकताना दर वेळी मनात येतं, आवाज शाबूत असताना त्याला सांगितलं होतं मी. इतक्या वर्षांत मी एवढंच एक मागितलं होतं. आणि त्याचं मन झालं नाही. माझ्यासाठी मन झालं नाही त्याचं." भिंग डब्यात ठेवून त्याने दुसरं उचललं. "हे बरं की आधीचं?"

इतके महिने तो हे घेऊन जगत होता, आणि मी माझी अब्रू घेऊन.

"आला होता," मी म्हणालो.

"कोण?"

"भुंगा. ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी. 'फुंकर' त्याच्या शब्दांत करायचं म्हणून दोन तास मागत होता. एका माणसाला द्यायचंय, म्हणाला. मी दिले नाहीत. माझ्याकडे साबणाची जाहिरात होती. तारीख जमत नाही, म्हणालो."

त्याच्या हातात भिंग होतं. त्याने त्यावर फुंकर मारली, शर्टाच्या टोकाला ते पुसलं, मग पुन्हा पुसलं.

"किती वाजता?"

"साडेअकराला."

"सव्वाअकराला मी त्याला विचारलं होतं, कुठे निघालास. म्हणाला, पाय मोकळे करून येतो. मफलर होता गळ्याला?"

"होता."

"मीच गुंडाळून दिला होता." भिंगाची ती चकती त्याने दोन बोटांत धरून ठेवली. "म्हणजे त्याचं मन होतं."

"होतं."

तो पुढे झाला आणि माझ्या नाकावरची फ्रेम त्याने दोन्ही हातांनी, अगदी सांभाळून काढून घेतली. कोणत्याही गिऱ्हाइकाची काढतो तशीच.

"चष्मा दुसरीकडे करून घ्या, दादा," तो म्हणाला.

मी उठलो. रस्त्यावर आलो तेव्हा समोरच्या पाट्या नुसते रंगाचे डाग दिसत होते. मागे दुकानात कॅसेटचं बटण दाबल्याचा खटका झाला. पहिली ओळ कोरी आहे, आवाज यायला नऊ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात मी कोपऱ्यापर्यंत पोचलो होतो.